दोन चादरी आणि एक टॉवेल

जुई आणि अर्णव,

गेल्या मंगळवारी अंबादासमास्तर भिवंडीला गेले, मुलीकडे, कायमचे. तुम्हाला ते आठवत असतील ते व्हिडिओ कॉलवर माझ्या पाठीमागून जाणारे, कानावर पेन्सिल आणि खांद्यावर चादर असलेले गृहस्थ म्हणून. तुमचा बाबा त्यांना 'आईचा तो वेडा डिझायनर' म्हणतो. त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पण पुढचं त्याला माहीत नाही, कारण मी फोनवर सगळं सांगत नाही. तुमच्याही डोक्यात हा माणूस नुसता वेडा म्हणून पक्का होण्याआधी लिहून ठेवते.

मास्तर घर चादरीनं मोजत. पहिल्या दिवशी आले, चपला बाहेर नीट जोडीनं ठेवल्या आणि खांद्यावरची चादर हॉलच्या फरशीवर अंथरली. टोकाशी खडूची रेघ मारली, चादर उचलून पुढं अंथरली, पुन्हा रेघ. भिंतीपाशी थोडी जागा उरली तिथं पिशवीतला टॉवेल पसरला आणि वहीत लिहिलं, 'हॉल. लांबी दोन चादरी, एक टॉवेल.' मी शिवणाच्या डब्यातली टेप आणून पुढं केली. डॉक्टरनं आजीबाईच्या बटव्याकडे बघावं तसं त्यांनी तिच्याकडे बघितलं.

"टेप हाय की बाई माझ्याकडंबी," ते म्हणाले. "पण फूट म्हटलं की मला काय दिसत न्हाय. चादर म्हटलं की एक माणूस झोपलेला दिसतंय."

मी पस्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, पण असं उत्तर एकाही मुलानं दिलं नव्हतं.

आता घर बदलायचं का ठरलं, ते सांगते. आजोबांना काचबिंदू आहे हे तुम्हाला माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी बाजूचं दिसेनासं झालं, मग समोरचंही धूसर व्हायला लागलं. आपल्या होटगी रोडच्या घरात प्रत्येक दाराला उंच उंबरा, मधल्या बोळात दिवसाही अंधार आणि न्हाणीघरात गुळगुळीत फरशी. बाबानं तिकडून फोनवर निकाल दिला. दिवाळीपर्यंत घर सुरक्षित करून घ्या, नाहीतर विका आणि पुण्याला चला. तिथं म्हाताऱ्या माणसांसाठी एक चांगली जागा आहे, सगळं तेच बघतात. आजोबांनी फोन ऐकून घेतला आणि मला म्हणाले, "पुण्यात मी आंधळा होईन. इथं मला घर पाठ आहे."

तेव्हा मी डिझायनर शोधायला लागले. आधी सात रस्ता चौकातल्या एका गार ऑफिसात गेले. तिथल्या मुलीनं लॅपटॉपवर आपलं घर दाखवलं. सगळं पांढरं होतं आणि काचेच्या कपाटाशी एक तरुण जोडपं उभं होतं. हे कोण, असं मी विचारलं. क्लायंट, ती म्हणाली. क्लायंट आम्ही आहोत, असं सांगून मी परत आले. वाटेत चादरींच्या दुकानात थांबले, तिथल्या मालकांनी माझी अडचण ऐकून मास्तरांचं कार्ड दिलं. त्यावर छापलं होतं, 'अंबादास, डिझायनर. चादर, टॉवेल.' त्यापुढे बॉलपेननं लिहिलं होतं, 'घर.'

त्याचं असं झालं होतं. मास्तरांनी उभा जन्म एका कारखान्यात चादरींची डिझाइनं काढली. चौकड्यांच्या कागदावर एकेक घर लाल शाईनं भरायचं, त्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची आणि मागावर नक्षी उतरायची. मग हे काम कॉम्प्युटर करायला लागला आणि पुढं कारखानाही बंद पडला. कागद मात्र उरले होते. भावाच्या दोन खोल्यांत सहा माणसं कशी झोपतील ते मास्तरांनी त्या कागदावर मांडून दिलं, ते जमलं, मग शेजाऱ्यांचं, मग त्यांच्या व्याह्यांचं. कागद तोच होता, आता चौकडीत धाग्याऐवजी खाट बसायची.

ते रोज दहाला येत. मोजणी तेलुगूत, म्हणजे त्यांच्या घरच्या भाषेत चाले, भांडण मराठीत. येताना कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणत आणि ती व्हरांड्यात बसूनच खात, टेबलावर नाही, कारण टेबलाची जागा अजून 'ठरायची होती'. गवंड्याला त्यांचं एकच सांगणं असे, "काठ आधी, मधलं मागनं." आधी उंबरे, चौकटी, भिंतींचे कोपरे, स्वयंपाकघराचा ओटा सगळ्यात शेवटी. चादरीचा काठ चुकला तर मधल्या नक्षीचं कौतुक कोण करणार, असं त्यांचं म्हणणं.

माझ्याशी त्यांचा पहिला खटका उडाला तो आवरण्यावरून. माणूस येणार म्हणून मी रोज सकाळी घर आवरून ठेवत असे. चौथ्या दिवशी ते म्हणाले, "बाई, आवरू नका हो. आवरलेल्या घराचं डिझाइन करून काय उपयोग. तितं कोण ऱ्हात न्हाय."

आजोबा आरामखुर्चीतून म्हणाले, "मास्तर, हे बोलायला मला चाळीस वर्षांत धीर झाला नाही."

त्या दिवसापासून दोघांचं मेतकूट जमलं. मी एकटी पडले.

आणि मग ती चूक झाली. चादरीचं डिझाइन कधी पूर्ण काढत नाहीत, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. अर्धंच काढतात आणि कडेला लिहितात, 'बाकी उलट.' उरलेली बाजू मागावर आरशातल्यासारखी आपोआप येते. मास्तरांनी कागदावर पाहुण्यांची खोली काढली, मधली भिंत काढली आणि सवयीनं कडेला लिहिलं, 'बाकी उलट.' भिंतीपलीकडची खोली आमची. गवंडीही मागावर वाढलेलाच. त्याला वेगळं समजावून सांगायला लागलं नाही. आमच्या खोलीतली दिव्यांची बटणं डावीकडे गेली, न्हाणीघराचं दार डावीकडे गेलं आणि दाराच्या जुन्या जागी कपाट आलं. दोन्ही खोल्या एकमेकींकडे तोंड करून बसलेल्या दोन मोरांसारख्या दिसत होत्या. त्या कागदावर मी सही केली होती. सहीच्या आधी 'खिडकि'ची वेलांटी दीर्घ केली होती. बाकी काही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आम्ही त्या खोलीत परत राहायला गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा उठले, रोजच्यासारखी चार पावलं टाकली, उजवा हात दाराकडे केला आणि कपाटाच्या कोपऱ्यावर जाऊन आदळले. कपाळाला तीन टाके पडले.  दवाखान्यातून येताना रिक्षात एवढंच म्हणाले, "म्हणजे आता इथंही पाठ नाही."

बाबाचा फोन आला. त्यानं आवाज चढवला नाही, त्यामुळे मला जास्त वाईट वाटलं. महिनाअखेरीला तो येणार होता, पुण्याची जागा पक्की करायला. मी बरं म्हटलं.

मास्तर तीन दिवस आले नाहीत. त्यांच्याकडे आपल्या मागच्या दाराची किल्ली होती. ती घ्यावी आणि काम थांबल्याचं तोंडावर सांगावं म्हणून मी पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, त्यांच्या घरी गेले. काय बोलायचं ते मुद्द्यांनिशी लिहून नेलं होतं.

दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत एकेकाळी माग असावा. फरशीत त्याच्या बोल्टांची चार भोकं होती, बाकी खोली रिकामी. मास्तर जमिनीवर बसले होते. मला बघून उठले, पाणी आणायला आत गेले, तशी मीही मागोमाग गेले. आतल्या भिंतीवर कमरेच्या उंचीला एक काळपट, तेलकट पट्टा होता, चुलीपासून मागच्या दारापर्यंत सलग. मला वाटलं ओल आली. सवयीप्रमाणे मी म्हटलं, मास्तर, लोकांची घरं करता, ही एवढी भिंत रंगवून का घेत नाही.

"ते ऱ्हाऊ दे, बाई," ते म्हणाले. "ते लक्ष्मीचं हाय."

लक्ष्मी म्हणजे त्यांची बायको. साखरेनं तिची नजर गेली. शेवटची चार वर्षं ती भिंतीला हात लावून घरात फिरायची, स्वयंपाक करायची, मागच्या अंगणात जायची. त्या हाताचा तो पट्टा.

"रोज बघत होतो मी हे," मास्तर म्हणाले. "मळलंय, एवढंच बघितलो. भिंत संपती तितं पायरी हाय. हाताला काय कळतंय पायरी आली म्हणून? तितंच पडली ती. मग उठलीच न्हाय." ते भिंतीकडे बघत होते, माझ्याकडे नाही. "लोकांच्या चादरीला काठ काढत बसलो बाई. घरात एक पट्टी मारायचं सुचलं न्हाय."

माझा कागद पर्समध्येच राहिला. किल्लीही मी मागितली नाही. उठताना एवढंच म्हटलं, महिनाअखेरीला मुलगा येतोय. तोवर काही होणार असेल तर उद्या दहाला या.

ते साडेआठलाच आले. खांद्यावर चादर नव्हती, वहीही नव्हती. आधी आजोबांपुढं उभे राहिले आणि चुकलो म्हणाले. मग गवंड्याला बोलावून दार, कपाट, बटणं सगळं जुन्या जागी न्यायला लावलं. चांगली नवी भिंत फोडताना त्याच्या जिवावर आलं होतं. आठ दिवसांनी ते झालं, तेव्हा मास्तर आजोबांना म्हणाले, "साहेब, आता तुमी चाला. मी मागनं येतो."

आजोबा चालले. खोलीतून बोळात, बोळातून स्वयंपाकघरात, तिथून न्हाणीघर, व्हरांडा. जिथं जिथं त्यांचा हात भिंतीला लागला, तिथं मास्तर मागून खडूनं खूण करत गेले. सकाळी एकदा, दुपारी जेवणानंतर एकदा आणि संध्याकाळी पाय दुखत असताना एकदा, कारण दमल्यावर हात खाली येतो म्हणाले. घराचा खरा नकाशा तो. काढला आजोबांच्या हातानं.

त्या खुणांवर त्यांनी सागाची अरुंद पट्टी ठोकली आणि पट्टीवर चादरीचे तुकडे ताणून बसवले. त्यांनी काढलेल्या प्रत्येक डिझाइनचा नमुना त्यांच्या ट्रंकेत जपलेला होता, ते सगळे कापले. मी नको म्हणत होते. बोळात बारीक जाळीची वीण. स्वयंपाकघराशी कोयरी, तिची कड बोटाला ठळक लागते. न्हाणीघराशी टॉवेल, हे मात्र आजोबांनी सुचवलं. आणि जिथं उंबरा किंवा पायरी आहे, तिथं आधी वीतभर काहीच नाही, नुसतं लाकूड. ते कशासाठी, हे मी विचारलं नाही.

बाबा आला, तेव्हा आजोबांनी त्याला सोफ्यावर बसवलं, एकटे उठून स्वयंपाकघरात गेले आणि त्याच्यासाठी पाण्याचा तांब्या भरून आणला. थोडं पाणी सांडलं. बाबा बराच वेळ पट्टीवरून हात फिरवत बोळात उभा होता. पुण्याचा विषय त्यानं काढला नाही, अजून काढलेला नाही.

मास्तरांनी गेल्या महिन्यात घर विकलं. मुलगी कधीची मागे लागली होती. निघायच्या आदल्या दिवशी भेटायला आले, नेहमीसारखे व्हरांड्यातच बसले. मी विचारलं, तिकडे काय करणार. मुलीचं घर लहान आहे, ते म्हणाले, एक चादर रुंद. विकलेल्या घराच्या आतल्या भिंती नवे मालक रंगवणार आहेत, हे त्यांनीच सांगितलं. जाताना बोळातून उगाच एकदा चालत गेले, डोळे मिटून. मी स्वयंपाकघरात होते आणि तिथंच राहिले.

मुलांनो, आम्ही दोघं याच घरात आहोत. पट्टी शाबूत आहे. कोयरीपाशी थोडी काळी पडली आहे. ती मी धुतलेली नाही.