लग्नाआधीचं नाव

आमच्या शेजारचे जगन्नाथआप्पा कुणाच्या मयताला गेले, की तिरडी उचलायच्या आत विचारतात, "म्हातारीचं लग्नाआधीचं नाव काय व्हतं?" एकदा रडणाऱ्या मुलाने त्यांना दारातच झापलं. आप्पा म्हणाले, "रड की गड्या, पर नाव सांगून रड."

आप्पा फौजेत कारकून होते. आता रहिमतपुरात एकटेच राहतात आणि लोकांच्या जुन्या वंशावळींचे फोटो बघून त्यांतली नावं एका वेबसाइटवर चढवतात. परदेशातल्या पणतूला घरबसल्या आपला पणजोबा सापडावा, म्हणून. पैसे मिळत नाहीत, शिव्या मात्र भरपूर. वंशावळीत बाप्ये तेवढे रांगेत उभे; बायकांचा पत्ताच नसतो. म्हणून ही दारोदार विचारपूस. मी लग्न होऊन आले तेव्हा माझं नाव बदललेलं नाही हे ऐकून बिचारे हिरमुसले. त्यांची एक नोंद बुडाली!

खरं कारण त्यांनी गेल्या उन्हाळ्यात सांगितलं. आप्पा दत्तक गेलेले. जन्म देणाऱ्या आईचं नावच त्यांना ठाऊक नाही. माहेर पाटणचं, म्हणून सासरी सगळे तिला 'पाटणची' म्हणत, एवढंच माहीत.

"वैनी, लय थकलो बगा. एवढी नावं चढवली, तिचं एक घावंना."

सांगू शकेल अशी एकच उरली होती, कुपवाडला नातवाकडे राहणारी त्यांच्या जन्मघरची आत्या. एकट्याने जायचा धीर होईना, म्हणून मला सोबत नेलं. आत्या अंथरुणाला खिळलेली, पण डोकं शाबूत.

"नाव? आमी पाटणचीच म्हणायचो रं. सुनंला नावानं कोण हाक मारतंय?" मग म्हणाली, "तुला दत्तक दिल्यावर तिला तुझ्या नव्या घरी यायची बंदी व्हती. म्हणून तुझ्या शाळंम्होरं पाटी घेऊन बसायची. शेंगा इकायची."

नाव टिपायला काढलेला मोबाइल आप्पांनी मांडीवर ठेवला.

"ती? लाल लुगड्यातली? मला मूठभर जादा द्यायची, ती?"

"व्हय. तीच."

  आत्याने आप्पांचा हात धरला.

"आत्ये, मी तिला 'ए शेंगावाले' म्हणायचो गं."