डॉक्टरीणबाईंनी भरलेली फांदी

दिवसभर लोकांचे वाकडे दात सरळ करायचे आणि संध्याकाळी सरळ झाडं वाकडी करायची, असा दातांच्या डॉक्टरांचा दिनक्रम होता. तार तीच, पक्कडही तीच. फरक एवढाच, की दवाखान्यात पेशंट ओरडत आणि घरी डॉक्टर. कारण त्यांची लाडकी विलायती चिंच नखशिखांत काटेरी होती.

अकरा वर्षं कुंडीत राहून ती दीड वीत वाढली होती. डावीकडे झुकलेली तिची लांब फांदी म्हणजे डॉक्टरांचा जीव की प्राण. बोन्सायच्या प्रदर्शनात मात्र हे झाड सलग तीन वर्षं नाकारलं गेलं होतं. या खेपेला परीक्षक रविवारी स्वतः घरी येणार होते. "यंदा नाही म्हणाले, तर मी हा नाद सोडला," असं डॉक्टर म्हणाले आणि नवी बारीक पानं यावीत म्हणून जुनी सगळी उतरवून दोन दिवसांसाठी परगावी परिषदेला निघून गेले. जाताना बायकोला नेहमीची तंबी दिलीच, "हात लावू नकोस, मोडशील."

डॉक्टरीणबाईंनी आयुष्यात कुणाचा दुधाचा दातही पाडला नव्हता, पण डॉक्टरांची बायको म्हणून सगळे त्यांना डॉक्टरीणबाईच म्हणत. शनिवारी सकाळी त्या बाल्कनीतला टॉवेल काढायला गेल्या, तर तो चिंचेत अडकलेला. एक काटा सोडवला की दुसरा धरी. दुसरा सोडवला तर तिसऱ्याने बाहीच पकडली. शेवटी बाईंनी वैतागून हिसका दिला. कट्! टॉवेल हातात आला आणि टॉवेलाबरोबर अर्धी फांदीही आली.

नवऱ्याची अकरा वर्षं त्यांनी एका टॉवेलापायी मोडली होती. त्यांनी दवाखान्यातल्या मदतनीस मावशींना फोन लावला.

"मावशी, दवाखाना उघडा."

"का हो? दाढ दुखतेय?"

"फांदी तुटली. चिंचेची. डावीकडची."

"अगं बाई! म्हणजे माझं काही खरं नाही."

"तुमचा काय संबंध?"

"सोमवारपासून साहेब दातओठ खात दात तपासणार. शेजारी कोण उभं असतं? मीच ना?"

अर्ध्या तासात चिंच पेशंटच्या खुर्चीत बसली होती. मावशींनी सवयीने कुंडीच्या गळ्यात रुमालही बांधला. हातमोज्यांचे चार जोड काट्यांनी फाडले, पाचव्यात फांदी जागेवर बसली. मावशी सांगत गेल्या आणि बाई करत गेल्या. दातात भरायचं सिमेंट लावलं, ते घट्ट व्हावं म्हणून त्यावर निळा दिवा धरला, वीस आकडे मोजले. फांदी पक्की झाली, पण सांधा पांढराशुभ्र दिसू लागला.

"दात असता तर किती शोभला असता," मावशी म्हणाल्या.

"मावशी, आता हो काय करायचं?"

"कॉफी आणा. कॉफीनं डाग पडतात म्हणून साहेब रोज पेशंटना ओरडतात. आज पडू देत की!"

कॉफीचा दाट लेप लावल्यावर सांधा खोडात मिसळून गेला. बाईंना रात्रभर झोप आली नाही ती गोष्ट वेगळी.

रविवारी डॉक्टर परीक्षकांना घेऊनच आले. वनखात्यातून निवृत्त झालेले हे गृहस्थ झाडांशी मायेने आणि माणसांशी कमी बोलत. त्यांनी चष्मा लावला आणि डाव्या फांदीकडे बोट नेलं.

"हात लावू नका!" नवराबायको एकदम ओरडले.

परीक्षकांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, काटे चुकवून फांदी चिमटीत धरली आणि हलकेच ओढली. अख्खी फांदी त्यांच्या हातात आली.

"मीच मोडली!" बाईंना रडू फुटलं. "टॉवेल अडकला होता हो. दाताचं सिमेंट लावून चिकटवली, मावशींची काही चूक नाही."

परीक्षकांनी फांदी डोळ्यांजवळ नेली. "बाई, तुमचा सांधा इथे, मधोमध आहे. तो शाबूत आहे. फांदी निघाली बुंध्यापासून. तिथेही सिमेंटच आहे. ते कोणाचं?"

डॉक्टर छताकडे पाहू लागले.

"अहो?" बाईंचं रडणं जागच्या जागी थांबलं.

"गेल्या रविवारी. वळण लावत होतो. जरा जास्तच वळली."

"आणि मला बोलला नाहीत?"

"कोणत्या तोंडानं बोलणार? अकरा वर्षं तुलाच सांगतोय, हात लावू नकोस, मोडशील."

बाईंना हसावं की भांडावं ते कळेना. इकडे परीक्षक मात्र बोडक्या झाडाकडे मान तिरकी करून बघत होते.

"तीन वर्षं मी ही फांदी बघूनच नाही म्हणत होतो," ते म्हणाले. "आता कुठे झाड दिसतंय. पाठवा प्रदर्शनात."

डॉक्टरांना आकाश ठेंगणं झालं. त्यांनी परीक्षकांचे दोन्ही हात धरले, काटे लागले तरी सोडले नाहीत. निघताना परीक्षक दारात घुटमळले आणि गालावर हात ठेवून म्हणाले, "डॉक्टर, मागच्या महिन्यात तुम्ही माझी दाढ भरली होती."

"मग? त्रास होतोय का, सर?"

"त्रास नाही. भरलेलं निघालं."

हातातल्या फांदीचा मधला सांधा त्यांनी पुन्हा एकदा जोर लावून ओढून पाहिला. तो हलला नाही. मग ते डॉक्टरीणबाईंकडे वळले आणि अदबीने म्हणाले, "बाई, उद्या सकाळी तुम्हाला वेळ आहे का?"