डाव्या नळीत दहा, उजव्या नळीत वीस

लग्न, नोकरी, घर हे निर्णय घाईत घेतले तरी माणूस निभावून नेतो. जुन्या मोटरसायकलच्या पुढच्या शॉकअपात, म्हणजे खड्ड्यांचे दणके गिळणाऱ्या दोन नळ्यांत, कोणतं तेल घालायचं, हा निर्णय मात्र सखोल अभ्यास करून, शक्यतो समिती नेमूनच घ्यावा लागतो.

कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले चंपतराव या निर्णयात पडले ते पत्नीमुळे. इंदूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलं होतं. त्या म्हणाल्या, "अवो, मंग काही मले गाडीवर चढता येनार नाही. त्याच्या आधी एक डाव आपल्या जुन्या गाडीवर कन्हानले बहिनीकडे घेऊन चला." चंपतरावांचा जीव गाडीत होता हे सगळ्या कॉलनीला ठाऊक होतं; तो इंदूबाईंमध्येही होता, हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं. खड्ड्यात दणका बसून इंदूबाईंच्या गुडघ्यात कळ यायला नको, म्हणून त्यांनी तेल बदलायचं ठरवलं. इथपर्यंत सगळं शहाण्या माणसासारखं चाललं होतं.

मग त्यांनी सल्ला घेतला. सीताबर्डीच्या एका टपरीवर दर रविवारी जुन्या गाड्यांचं मंडळ तर्रीपोहे खायला जमतं. (गाड्या घरी असतात, सभासद मेट्रोने येतात.) दहा नंबरचं तेल पातळ, वीस नंबरचं घट्ट, यावर एकमत झालं आणि तिथेच संपलं. पातळ तेलाने गाडी ब्रेक मारताच नाक खाली घालते, घट्ट तेलाने मनगटं दुखतात. शिवाय नागपूरच्या उन्हात घट्ट तेल पातळ होतं आणि थंडीत पातळ तेल घट्ट होतं, म्हणजे कोणतंही घातलं तरी दुसरंच घातल्यासारखं. ऐंशी टक्के सभासदांनी ठाम मत दिलं. त्यातल्या साठ टक्क्यांनी पुढच्या रविवारी ते तितक्याच ठामपणे बदललं.

अखेर मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त प्राध्यापक संघपाल यांनी तोडगा काढला. "डाव्या नळीत दहा टाका, उजव्या नळीत वीस. सरासरी पंधरा येते, अन् कोनाचा अपमान होत नाही."

चंपतरावांना हे फारच पटलं. गल्लीतल्या पहिल्याच गतिरोधकावर गाडी डावीकडून खचली आणि उजवीकडून अडून राहिली. इंदूबाई जिना उतरतात, अगदी तशी. विषय पुन्हा मंडळापुढे ठेवण्यात आला.

दिवाळी आली. "काहून, झाली का गाडी?" इंदूबाईंनी विचारलं.

"अभ्यास चालू हाय. तुयेच गुडघे सांभाळून राहिलो ना मी!"

"गुडघे पाहाले डॉक्टर हाय," असं म्हणून इंदूबाई सूनबाईच्या, म्हणजे मेघाच्या, स्कूटरवर बसून कन्हानला गेल्या. (स्कूटरच्या पुढच्या भागात तेल असतं, हे मेघाला आजही ठाऊक नाही.)

संध्याकाळी फोटो आला. नदीच्या पुलावर, मेघाच्या स्कूटरला टेकून, इंदूबाई बहिणीच्या खांद्यावर हात टाकून मनापासून हसत होत्या. चंपतराव तो बराच वेळ पाहत बसले. त्यांना वाईट वाटलं, खूप वाटलं. त्यांनी तो मंडळाच्या ग्रुपवर टाकला. संघपाल सरांनी लगेच विचारलं, "छान! या स्कूटरमंधी कितीचं तेल हाय?"

ऑपरेशन उत्तम झालं. इंदूबाई आता गाडीवर चढत नाहीत. तेलाचा निर्णय राखून ठेवण्यात आला आहे.

वाचकहो, तुम्ही या मंडळींना हसला असाल. पण कन्हानला त्या दोघी बहिणी काय बोलल्या, हे तुम्हाला एकदा तरी विचारावंसं वाटलं? की तुम्हीही शेवटपर्यंत बरोबर नंबर कोणता, हेच शोधत होता? तसं असेल तर रविवारी या. मंडळात जागा आहे.