गुपिताची पडताळणी

पाणीमापक नोंदणी कार्यालयातील कर्मचाऱ्यांची खासगी माहिती चोरीला जाऊ नये, म्हणून एक परिपत्रक निघाले. त्याचे सर्वांत मनापासून स्वागत अभिलेखपालांनी केले.

अभिलेखपालांना सगळे रेकॉर्डसाहेब म्हणत. टपालाचे पाकीट रद्दीत टाकण्यापूर्वी ते त्यावरच्या पत्त्याचे आठ तुकडे करीत. चार तुकडे कार्यालयाच्या टोपलीत जात, चार घरच्या. फोन वाजला की ते जिन्याखाली जाऊन कुजबुजत. पासवर्ड टाकण्याआधी भिंतीवरचे कॅलेंडर उलटे करीत, कारण त्यावर एका बाळाचा फोटो होता आणि बाळ समोर बघत होते. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी आपल्याविषयी कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती, आणि म्हणूनच त्यांनी नुसते "फाईल" म्हटले तरी अख्खा विभाग उठून उभा राही.

परिपत्रकानुसार प्रत्येकाने शुक्रवारी पाचपर्यंत संगणकावर एका गोपनीय प्रश्नाचे उत्तर नोंदवायचे होते. न नोंदवणाऱ्याची हजेरी लागणार नव्हती. प्रश्न ठरवायला समिती बसली होती. पहिल्या शाळेचे नाव दाखल्यावर असते, जन्मगाव ओळखपत्रावर असते, असे करत करत समितीने चाळीस प्रश्न नापास केले आणि एकच मंजूर केला: 'लहानपणी आई आपणास कोणत्या लाडाच्या नावाने हाक मारीत असे?'

रेकॉर्डसाहेबांनी प्रश्न दोनदा वाचला आणि कॅलेंडर उलटे केले. नाव होते. ते आई आणि ताई यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हते; बायकोलासुद्धा त्यांनी सांगितले नव्हते. आई गेली त्याला बावीस वर्षे झाली होती. संध्याकाळी दारातून तिने मारलेली ती हाक एवढीच तिची एक वस्तू त्यांच्याकडे उरली होती आणि ती त्यांना कुणाला दाखवायची नव्हती.

म्हणून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा सरकारी रकान्यात खोटे लिहिले. 'राजा.'

संगणकाने नम्रपणे कळवले: 'हे गुपित लेखा विभागातील वरिष्ठ लिपिकांनी आधीच घेतले आहे. कृपया दुसरे गुपित निवडावे.'

त्यांनी 'सोन्या' लिहिले. ते आवक-जावकचे होते. 'पिल्लू' कायदा सल्लागारांचे निघाले. दुपारपर्यंत त्यांना अकरा सहकाऱ्यांची गुपिते समजली होती. शेवटी वैतागून त्यांनी 'चिमणी' लिहिले, तेव्हा उत्तर आले, 'हे गुपित माननीय संचालकांच्या नावे राखीव आहे.' त्या दिवसापासून संचालकांसमोर उभे राहिले की रेकॉर्डसाहेबांची नजर थेट बुटांवर जाई.

शुक्रवारी पावणेपाचला ते गोपनीयता अधिकारी बाईंच्या खोलीत गेले.

"साहेब, खरं ते लिहून टाका की," बाई म्हणाल्या. "माझ्याशिवाय कोण बघणार आहे?"

त्यांनी दरवाजा लावला, पडदा ओढला आणि खरे नाव लिहिले. संगणक बराच वेळ विचारात पडला. मग लाल अक्षरे उमटली: 'असे नाव आढळत नाही. पडताळणी आवश्यक.'

"आता हे काय?"

"कुणीही काहीही लिहील, साहेब. आईंना फोनवर घ्या, त्यांनी एकदा हाक मारली की झालं."

"आई नाहीये हो."

"अरेरे. मग मृत्यूचा दाखला जोडा आणि जवळचा एक साक्षीदार द्या."

ताईला फोन लागला. ताईला ऐकू कमी येते, म्हणून स्पीकर लावावा लागला, आणि पडताळणी पारदर्शक असावी, म्हणून दरवाजा उघडावा लागला.

"काय म्हणालात? आई याला काय म्हणायची?" ताईचा आवाज थेट जिन्यापर्यंत गेला. तिने नाव सांगितले. ऐकू आले नसेल म्हणून पुन्हा सांगितले. "अहो, नाव कशावरून पडलं ते लिहून घेतलंत का? हा सात वर्षांचा होईपर्यंत..."

"ताई, पुरे!" रेकॉर्डसाहेब ओरडले.

"बोला बोला," बाई म्हणाल्या. "कारणाचा रकाना आहे."

सोमवारी सूचना फलकावर कागद लागला. वर 'अत्यंत गोपनीय' असा शिक्का, खाली नाव, कारण आणि 'हरकती सात दिवसांत मागवण्यात येत आहेत' ही ओळ. बाहेरगावच्या लोकांची गैरसोय नको म्हणून तोच कागद कार्यालयाच्या संकेतस्थळावरही होता.

"अहो बाई, मग हे गुपित राहिलं कुठे?"

"वाऱ्यावर सोडलं नाहीये, साहेब," बाई दुखावल्या. "वाचणाऱ्या प्रत्येकाची सही घेतोय, 'वाचले व गुप्त ठेवले' म्हणून. उद्या फुटलंच, तर संशय कुणावर घ्यायचा ते नको कळायला?"

तीनशे चौदा सह्या झाल्या. कार्यालयाने शब्द पाळला. एकानेही ते नाव उच्चारले नाही. फक्त रेकॉर्डसाहेबांनी "फाईल" म्हटले की आता लोक बसल्या जागी हसत आणि फाईल तिच्या सवडीने येई.

हरकतींची मुदत संपली त्या दिवशी त्यांचा फोन वाजला. सवयीने ते जिन्याखाली गेले. नंबर अनोळखी होता. पलीकडून एका बाईने ते नाव घेऊन हाक मारली, दारातून मारावी तशी, शेवटचे अक्षर जरा लांबवून.

"ओ," रेकॉर्डसाहेब म्हणाले. ते तोंडातून निघूनच गेले.

"अरे, तुझ्या फोनवर आत्ता सहा आकडे आलेत बघ. वाच बरं."

पत्त्याचे आठ तुकडे करणाऱ्या त्या माणसाने सहाही आकडे वाचून दाखवले. त्या हाकेला 'कशाला' असे विचारायची त्यांना सवयच नव्हती.

संध्याकाळपर्यंत कार्यालयाच्या संगणकावरील त्यांच्या खात्यातून त्यांचा स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दाखल होऊन मंजूरही झाला होता. एकतीस वर्षांत एवढ्या वेगाने हललेला हा पहिलाच कागद. चौकशी समितीने एका ओळीत निष्कर्ष दिला: 'प्रणालीत दोष नाही. उत्तर अचूक होते.'

"अर्ज मागे घेता येईल," बाई धीर देत म्हणाल्या, "पण जुनं गुपित आता बाद. नवीन द्यावं लागेल. आई आणखी कुठल्या नावानं हाक मारायच्या?"

"तेवढं एकच होतं हो," रेकॉर्डसाहेब म्हणाले आणि त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला.

ते नाव काय होते, याची तुम्हाला पहिल्या पानापासून उत्सुकता असणार. क्षमा असावी. तीनशे चौदा सह्यांत एक या कथेच्या लेखकाचीही आहे.

पण वाचता वाचता तुम्हाला तुमचे स्वतःचे नाव आठवले असेल. आई मारायची ती हाक. काळजी करू नका, ते आम्ही विचारणार नाही. मागच्या महिन्यात 'लाडाच्या नावावरून ओळखा तुमचा स्वभाव' अशी एक रंगीत चौकट तुमच्या फोनवर आली होती, तेव्हाच तुम्ही ते लिहून दिले आहे, जन्मतारखेसकट. तुमच्याकडे कुणी साक्षीदारही मागितला नव्हता.