नवनगरकरांची नीलकंठावरील स्वारी

श्रीगजाननाचे स्मरण करून, हुबळी-धारवाड प्रांती घडले वर्तमान पुढिलांस कळावे म्हणोन लिहिले जाते ऐसे जे. नवनगरी राजश्री अप्पाजी नरगुंदकर, इतिहासाचे निवृत्त मास्तर, सनावळीत मोठे मातबर. त्यांची नात वेदश्री, इयत्ता दुसरी. गतवर्षी राज्योत्सवाचे, म्हणजे राज्याचे स्थापनेचे, दिवशी ती शाळेचे मंचावर चढली आणि एक अक्षर न बोलता रडत उतरली, आणि मग पुन्हा माइकापुढे जाणार नाही ऐसा हट्ट धरोन बसली. यंदा शाळेचे फर्मान मोबाइलावर आले, की प्रत्येक मुलाने आपले राज्याविषयी दोन मिनिटे बोलावे, परीक्षक बक्षिसे देतील. कन्नड तीस मराठीइतकेच सरावाचे, भय मंचाचे. सूनबाई स्मृती यांनी, पोरीस ताप आला ऐसे कळवावे, ही मसलत काढिली. अप्पाजींस ती नामुष्की वाटली, आणि मग मोहीम त्यांनी आपले शिरी घेतली.

दिवाणखान्यात तालीम सुरू जाहली. प्रथम कदंब, मग चालुक्य, मग राष्ट्रकूट, आणि होयसळांपावेतो येता येता पोर सोफ्यावर निजली. दुसरे दिवशी राजचिन्हे काढिली. गंडभेरुंड पाखराची दोन मुखे दाखविली, तो तिने पुसिले की यातले जेवते कोणते. अप्पाजींनी शिस्त राखावी ऐसा हुकूम केला. मग चंदन आले, हत्ती आला, आणि राज्यपक्षी नीलकंठ आला, तेव्हा ती म्हणाली, "अज्जा, तुम्ही पाहिलाय?"

अप्पाजी खजील जाहले. हयात गेली, पिढ्यान्‌पिढ्या पोरांकडून हा पक्षी पाठ करविला, आणि स्वतः कधी मान वर करून पाहिला नव्हता. रात्री जेवण गोड लागेना.

मग रविवारी प्रातःकाळी नातीस स्कूटरवर घेऊन, डब्यात अवलक्की म्हणजे पोहे घेऊन, अळणावर गावाचे वाटेने कूच केले. भाताचे शेताकडेला विजेचे तारेवर एक तपकिरी पाखरू बसले होते. अप्पाजींनी मोबाइलातील चित्राशी ताडून पाहिले, तेच ते.

"हा तर मळका आहे," वेदश्री म्हणाली.

राज्याची इभ्रत गेली ऐसे अप्पाजींस वाटले. इतक्यात ट्रकाचा भोंगा वाजला आणि पाखरू उडाले, आणि पंख उघडताच आत निळाईच निळाई, फिकी आणि गडद, ऐशी की दोघांची तोंडे उघडी राहिली. अप्पाजींनी काही सन सांगावा म्हणोन मनात शोधिला, सापडला नाही.

"बाळे," ते म्हणाले, "हे मला ठाऊक नव्हते."

राज्योत्सवाचे दिवशी वेदश्री मंचावर चढली. कदंब म्हणाली आणि अडली. सूनबाईंनी डोळे मिटिले. अप्पाजी गर्दीतून ओठांनी चालुक्य, चालुक्य ऐसे सुचवीत होते. तिने पाहिले, नजर फिरविली, आणि मग दोन्ही हात पसरोन कन्नडात सांगो लागली, की नीलकंठ बसला म्हणजे मातीसारखा दिसतो आणि उडाला म्हणजे कळतो, आणि तो उडाला तेव्हा माझे अज्जा ऐसे दिसत होते; आणि तोंड वासून दाखविले. सभा लोटपोट जाहली. अप्पाजी लालबुंद जाहले, आणि मग तेही हसले. दोन मिनिटे सरली, घंटा वाजली, तरी ती माइक सोडीना. अखेर बाईंनी हात धरोन उतरविली.

परीक्षकांनी, एकाही घराण्याचा उल्लेख पुरा नाही ऐसा शेरा मारोन, उत्तेजनार्थ कंपासपेटी दिली. अप्पाजींनी आयुष्यात प्रथमच परीक्षकांशी हुज्जत घातली नाही. येणेप्रमाणे इतिहास मोडला, नातीची फत्ते जाहली, आणि सबंध नवनगरात आजोबांनी स्वहस्ते पेढे वाटिले, हे यथास्थित नमूद केले असे.