मशीनला लावलेलं वळण

"उद्या संध्याकाळी मी नोकरीत कायम! आणि परवापासून आपण आपल्या घरात!" जावईबापूंनी बायकोला छाती ठोकून सांगितलं.

"अहो, हळू!" बायकोने दार लावून घेतलं. "बाहेर बाबा बसलेत!"

बाबा म्हणजे तिचे वडील, अर्थात जावईबापूंचे सासरे. लग्नाला वर्ष होत आलं तरी या जोडप्याचा मुक्काम त्यांच्याच घरी. घरजावई! शब्द नुसता कानावर पडला तरी जावईबापूंना घास उतरत नसे. त्यातून सासऱ्यांचा आवाज! "दिवा कोणी चालू ठेवला!" "न्हाणीघरात कोण झोपलंय!" हा माणूस हळू बोललेला कोणी ऐकला नव्हता. बरं, ऑफिसला पळून जावं, तर तिथेही मोठे साहेब म्हणून हेच! इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ना? इथे आडही तोच आणि विहीरही तीच.

सुटकेचा मार्ग एकच. नोकरीत कायम झालं की कंपनीचं दोन खोल्यांचं घर मिळायचं. आणि कायम व्हायचं तर जपानी पाहुण्यांना काम पसंत पडायला हवं होतं. जपानमधल्या एका गोदाम कंपनीची सगळी माहिती इथल्या मेनफ्रेमवर, म्हणजे कपाटाएवढ्या अगडबंब कॉम्प्युटरवर ठेवायची होती. उद्या ते स्वतः तपासायला येणार होते.

"नाही पडलं पसंत तर?" जावईबापूंनी मागे एकदा भीत भीत विचारलं होतं.

"तर बसा घरी!" सासरे गरजले होते. "म्हणजे माझ्याच!"

पण जावईबापू निर्धास्त होते, कारण त्यांनी एक करामत केली होती. कोणी काही चुकीचं टाइप केलं की मशीनने काय म्हणायचं, ते लिहिणं हे त्यांचं काम. ऑफिसचा नियम असा, की सगळं कॅपिटल अक्षरांत लिहायचं. त्यामुळे पडदाभर नुसता आरडाओरडा. चूक! पुन्हा भरा! थांबा! जावईबापूंना वाटायचं, मशीनमध्ये सासरेच बसलेत.

"साहेब, कॅपिटलच का?" त्यांनी विचारून पाहिलं होतं.

"का म्हणजे? माझ्या साहेबांनी मला सांगितलं, मी तुम्हाला सांगतोय!"

हे काय उत्तर झालं? शेवटी जावईबापूंनी परस्पर मशीनला चार चांगल्या सवयी लावायचं ठरवलं. जिथे जिथे मशीन खेकसत होतं, तिथे तिथे त्यांनी छोट्या एबीसीडीत, अगदी हळुवार लिहिलं: माफ करा, कृपया थांबा. म्हणजे इंग्रजीत, सॉरी, प्लीज वेट! आपल्या पडद्यावर तपासून पाहिलं. काय गोड दिसत होतं! मशीन बोलतंय की नवी नवरी, असं वाटावं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. दोन गाड्या निघाल्या होत्या, पोहोचली एकच. तिच्यात तीन मोठे अधिकारी. दुसऱ्या गाडीत दुभाषी बाई आणि त्यांचा मशीनवाला तज्ज्ञ होता, आणि ती गाडी कुठेतरी रस्ता चुकली होती. मग काय, दोन्ही बाजूंनी मोडकंतोडकं इंग्रजी आणि भरपूर हसणं, यावर कामाला सुरुवात झाली. पाहुण्यांनी त्यांच्याकडचा पडदा आणि कीबोर्ड सोबत आणला होता. तो आपल्या मेनफ्रेमला जोडला. थोरल्या पाहुण्यांनी मुद्दाम एक चुकीचा नंबर टाकला.

पडद्यावर काटक्या सांडल्यासारखी भलतीच अक्षरं उमटली!

जावईबापू पडद्याला नाक लावून बघू लागले. हे काय? आपलं सॉरी कुठे गेलं?

"जपानी!" पाठीमागून आवाज आला. आवाज सासऱ्यांचा, पण चक्क हळू! "जावईबापू, तुम्ही जपानीत लिहिलंत?"

आता तुम्हीच सांगा, वर्षभरात पहिल्यांदा सासऱ्यांच्या डोळ्यांत कौतुक दिसलेला माणूस काय म्हणेल?

"थोडं थोडं येतं, बाबा," जावईबापू म्हणाले.

झालं! तिथेच माशी शिंकली. थोरल्या पाहुण्यांनी अक्षरं मोठ्याने वाचली, "हेनानेनेमो नित्सुओआहेओ मुआकेहो." तिघे एकमेकांकडे बघू लागले. कुजबुजले. मग उठून उभे राहिले आणि कमरेत वाकून एका सुरात म्हणाले, "हेनानेनेमो नित्सुओआहेओ मुआकेहो!"

"काय गोड भाषा आहे हो!" सासरे भारावले. त्यांनी पाहुण्यांच्याही खाली वाकून तेच परत म्हटलं. पाहुणे आणखी वाकले. सासरे आणखी वाकले. शेवटी सासऱ्यांच्या खिशातलं पेन खाली पडलं, म्हणून थांबले.

"अर्थ काय याचा?" त्यांनी जावयाच्या कानात विचारलं.

"अं... आपलं मन मोठं, आपलं येणं शुभ, असं काहीतरी."

"अरे वा! मग सगळ्यांना शिकवा! आत्ताच्या आत्ता!"

अर्ध्या तासात अख्खा मजला पाठांतराला बसला. पुढे जावईबापू, मास्तरांसारखे. टेलिफोनवरची मुलगी तर प्रत्येक फोन उचलून म्हणू लागली, "हेनानेनेमो!" पलीकडचे लोक फोन ठेवून देत होते. शिपाई चहाचा ट्रे घेऊन आत गेला, तर पाहुण्यांनी उठून त्यालाही वाकून "हेनानेनेमो" म्हटलं. तो ट्रेसकट उलट्या पावली बाहेर!

"अरे, चहा कुठे नेतोस?"

"साहेब, तेच म्हणाले. हे ना, ने ने!"

पाहुणे मात्र खूश. हौसेने चुकीचे नंबर टाकायचे, तीच अक्षरं बघायची आणि टाळ्या पिटायच्या. जावईबापूही टाळ्या पिटत होते. निभेल बाबा कसंतरी, असं ते मनाला सांगत होते. दुपारी थोरल्या पाहुण्यांनी छोटं भाषण केलं आणि शेवटी छातीवर हात ठेवून तोच मंत्र म्हटला. सासऱ्यांचे डोळे भरून आले. उत्तरादाखल त्यांनीही तो म्हटला, तोही दोनदा.

आणि नेमकी तेव्हाच दुसरी गाडी आली!

"या बाई, या!" सासरे दुभाषी बाईंना म्हणाले. "पाहुण्यांना सांगा, तुमचं ते हेनानेनेमो आमच्या काळजाला भिडलं!"

"काय भिडलं?" बाई गोंधळल्या. "हे जपानी नाही."

"असं कसं? तेच म्हणतायत सकाळपासून!"

बाईंनी पाहुण्यांना विचारलं. थोरले पाहुणे आदराने काहीतरी म्हणाले. बाई वळल्या.

"ते म्हणतात, ही तुमची भाषा आहे. तुम्ही खास त्यांच्यासाठी त्यांच्या लिपीत लिहून स्वागत केलंत, म्हणून त्यांनी ते पाठ केलं."

आपण टेबलाखाली मावू का, याचा अंदाज जावईबापू घेऊ लागले.

एवढ्यात पाहुण्यांच्या तज्ज्ञाने पडदा पाहिला आणि तो हसत हसत खालीच बसला. उठवला, पाणी पाजलं, तेव्हा कुठे खुलासा झाला. मेनफ्रेमच्या पोटात अक्षरं नसतात, नुसते नंबर असतात. ज्या नंबरांवर आपल्याकडे छोटी एबीसीडी बसते, त्याच नंबरांवर त्यांच्या पडद्यात जपानी अक्षरं बसलेली. पी लिहा, नि दिसणार. एल लिहा, त्सु दिसणार. कॅपिटल अक्षरांचे नंबर मात्र दोन्हीकडे सारखे, म्हणून शहाणी माणसं सगळं कॅपिटलमध्ये लिहितात!

"इथे मुळात लिहिलंय," बाई म्हणाल्या, "सॉरी, प्लीज वेट."

"जावईबापू!!!"

आवाज पूर्ववत झाला होता. खिडकीच्या काचा थरथरल्या. जावईबापूंच्या तोंडून शब्द फुटला तो नेमका हा, "हेनानेनेमो..."

थोरले पाहुणे फिसकन हसले. मग बाकीचे. मग शिपाई. हसण्याचा असा स्फोट झाला, की शेवटी सासरेही खुर्चीला धरून गदगदा हसू लागले. त्यांना हसताना पाहून निम्मं ऑफिस घाबरलं.

डोळे पुसत थोरले पाहुणे बोलले, बाई सांगत गेल्या, "आमची माणसं वर्षानुवर्षं मशीनच्या शिव्या खातायत. माणसाची माफी मागणारं मशीन आज पहिल्यांदा पाहिलं. काम तुमचंच! हा मुलगा आम्हाला हवाच."

"म्हणजे मी कायम?" जावईबापूंनी सासऱ्यांकडे पाहिलं.

"कायम!" सासरे गरजले.

"पण एक अट," बाई पुढे म्हणाल्या. "यांनी लिहिलेला प्रत्येक शब्द आधी मोठ्या साहेबांनी तपासायचा. आमची वेळ वेगळी, भल्या पहाटेही गरज लागेल. तुम्ही दोघे जवळपास राहता का?"

"जवळपास?" सासऱ्यांची छाती फुगली. "एकाच घरात! मधे एक भिंत फक्त!"

"फारच छान! मग करार असेपर्यंत घर बदलू नका. तसं करारात घालूया."

"करार... किती वर्षांचा?" जावईबापूंनी क्षीण आवाजात विचारलं.

"सध्या दहा. पुढे वाढवता येईल."

सासऱ्यांनी जावयाच्या पाठीवर अशी थाप मारली, की जावईबापू दोन पावलं पुढे गेले. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. बायकोचा होता.

"अहो, काय झालं? कायम झालात का?"

"झालो."

"अगबाई! मी तुम्हाला म्हटलंच होतं! आणि घराचं काय?"

जावईबापूंनी शेजारी उभ्या सासऱ्यांकडे पाहिलं आणि रिसीव्हर तोंडाजवळ धरला.

"तिथेही कायमच झालो," ते म्हणाले.