बाळाराम एकटं पान मांडत नाही

पेज नदीच्या काठी, आमच्या कर्जतपासून रिक्षाने वीस मिनिटांवर बाळारामची खानावळ आहे. तिथे तुम्ही एकटे गेलात तर जेवण मिळणार नाही. कुणाची ओळख सांगा, भुकेने चक्कर आल्याचं सोंग करा, उपयोग नाही. बाळाराम तुमच्या मागून कोणी येतंय का ते मान लांब करून बघेल आणि विचारील, "संगं कोन हाय?" कोणी नाही म्हटलंत की तो तुम्हाला आंब्याखालच्या बाकावर बसवेल आणि तुमच्यासाठी जोडीदार शोधायला लागेल.

"एकटं पान कावल्यासाठी मांडतात," तो म्हणतो, "मान्सासाठी नाय."

खानावळ काठावर आहे हे मी तोंडाने म्हणते, पण टेबलं आहेत थेट नदीत. वरच्या वीजघरातून रोज पाणी सुटतं, त्यामुळे पेज भर मे महिन्यातही वाहती असते. उथळ पात्रात चार लाकडी टेबलं, भोवती खुर्च्या, टेबलावर पत्रावळ आणि टेबलाखाली पाण्यात तुमचे पाय. चपला आंब्याच्या फांदीला जोडीजोडीने टांगलेल्या. वाढण्याआधी बाळाराम पाण्यात काठी बुडवून बघतो. "घोट्याला हाय, बसा." पाणी घोट्याच्या खाली असलं की थांबायचं. एका गृहस्थांनी घाई केली, तर म्हणाला, "पाय कोरडे ठेवून जेवायचं तर घर काय वाईट हाय?"

माझी नात मुंबईला नोकरी करते. ती त्याला एकदा सांगत होती की तिकडे समुद्राकडे तोंड करून जेवायला आठ दिवस आधी नाव नोंदवावं लागतं.

"समुद्रात पाय घालून देतात?"

"नाही हो काका. काचेतून बघायचा."

"मंग ते फोटोपुढं बसून जेवल्यावानी झालं," बाळाराम म्हणाला आणि तिच्या पानात आणखी एक भाकरी टाकून गेला.

त्याच्या जोड्या जमवण्याचे किस्से तालुकाभर झालेत. एक साहेब लॅपटॉप घेऊन आला होता. शांतता हवी म्हणाला. बाळारामने त्याला बदलापूरच्या एका घरात नेऊन बसवलं, म्हणजे त्या घरातली अकरा माणसं ज्या टेबलावर बसली होती तिथे. बिरडं संपेपर्यंत साहेबाच्या मांडीवर त्यांचं सहा महिन्यांचं बाळ होतं आणि लॅपटॉपवर त्या बाळाचं टोपडं वाळत होतं. जाताना साहेबाने त्या घरातल्या आजीचा नंबर घेतला.

दुसरं एक जोडपं गाडीतच भांडून आलं. आधी ती तरातरा उतरून आली, पाच मिनिटांनी तो. दोघंही म्हणाले, मी एकटाच, मी एकटीच. बाळारामला आनंद झाला. "एक ही, एक तुमी. बसा समोरासमोर, ओलख करून घ्या." त्यांनी नावं सांगून ओळख करून घेतली असं सुनीता शपथेवर सांगते. सुनीता ही बाळारामची सून. चूल तिच्या ताब्यात असते आणि बाळारामच्या विक्षिप्तपणाची नोंद तिच्या तोंडात.

माझी आणि बाळारामची ओळख पन्नास वर्षांची. त्याच्या गावच्या शाळेत मी बाविसाव्या वर्षी मास्तरीण म्हणून रुजू झाले. तेव्हाची मी आज मला भेटली तर मी तिला लांबूनच ओळखून रस्ता बदलेन. कर्जतच्या बाजारपेठेतल्या वकिलाची मुलगी, झालरीची छत्री, डोळ्यांवर काळा चष्मा आणि दोन पुडांचा डबा कशिद्याच्या रुमालात बांधलेला. मी फार सुसंस्कृत आहे अशी माझी समजूत होती. पुरावा काय, तर मी पोळीचा घास तोडताना करंगळी उचलत असे. मधल्या सुट्टीत बाकीचे मास्तर ओट्यावर गोल करून बसायचे. मी डबा घेऊन नदीवर जायची आणि गावाकडे पाठ करून एका खडकावर बसायची. वाहतं पाणी, काळा चष्मा, करंगळी. मला वाटायचं, सगळं गाव माझ्याकडे कौतुकाने बघत असेल.

बघत होती फक्त हिरा, बाळारामची बायको. दुसऱ्याच आठवड्यात ती फडक्यात अर्धी भाकरी घेऊन आली आणि काही न बोलता माझ्या शेजारच्या खडकावर बसून खायला लागली. मग रोजच. मी ताडलं की हिचा डोळा माझ्या लोणच्यावर आहे. तेव्हा मी एखाद्या संस्थानिकाने इनाम द्यावं तशी तिला लोणच्याची फोड देत असे. ती हसून घ्यायची. चार वर्षं माझी बदली होईपर्यंत ती येत राहिली आणि मी चार वर्षं दानशूर राहिले.

पुढे त्यांनी खानावळ काढली. आम्ही घरचे सगळे मिळून जायचो, त्यामुळे बाळारामच्या नेमाचा फटका मला कधी बसला नाही. गेल्या वर्षी हिरा गेली. भेटायला गेले तेव्हा बाळाराम पाण्यात काठी बुडवून उभा होता. "घोट्याला हाय, बाई," एवढंच बोलला.

मग मागच्या महिन्यात सुनीताचा फोन आला. "बाई, बाबा जेवत नायत. दुपारी इचारलं तर मगाशी जेवलो म्हन्तात. मगाशी कवा, ते चुलीला पन ठावं नाय. सदरा बगा कसा लोंबतोय. आमच्यात बसा म्हटलं तर गिऱ्हाईक हाय म्हन्तात, गिऱ्हाइकांत बसा म्हटलं तर मालक कुठं गिऱ्हाइकांत बसतो म्हन्तात. तुमचं ऐकतील."

माझं कोणी ऐकत नाही हे मला माहीत आहे. मी तीस वर्षं शिकवलेलं आहे. पण बाळाराम स्वतःचं नक्की ऐकतो.

मी बुधवार निवडला. शनिवार-रविवारी तिथे मुंबई लोटते, बुधवारी नदीवर बगळे असतात. साडेबाराला मी रिक्षातून उतरले आणि आंब्याखाली जाऊन उभी राहिले.

"या बाई. संगं कोन हाय?"

"कोणी नाही. भूक लागली आहे, बाळारामभाऊ."

त्याने रिक्षात वाकून बघितलं. रिक्षा रिकामी निघून गेली. मी चपला काढून स्वतःच फांदीला टांगल्या आणि बाकावर बसले.

"येतील कोनतरी," तो म्हणाला.

पंधरा मिनिटांनी एक मोटारसायकलवाला आला. बाळाराम धावलाच त्याच्याकडे. "बसा बसा, वालाचं बिरडं हाय, ताजं."

"काका, पाण्याची बाटली हवी होती फक्त."

"आरं, घासभर खा रं. बाई खोलंबल्यात."

तो माझ्याकडे बघून हसला, बाटली घेऊन गेला. बाळारामने हाक मारली, "सुनीता, तू बस गं बाईंसंगं."

"माजी संकष्टी हाय," सुनीता आतून म्हणाली. तिच्या डोक्यावरच कॅलेंडर लटकत होतं आणि ते काही तिच्या बाजूने साक्ष देत नव्हतं. पण बाळारामने कधी सुनेचा उपास तपासला नाही.

एक वाजला. मी पदराने वारा घेतला. दोन सुस्कारे सोडले, दुसरा जरा जास्तच झाला.

"मला पित्त होतं हो उशीर झाला की. जाते मी तशीच."

"उपाशी?"

"मग काय करू? तुमचा नेम मोडायला सांगू? नाही तर तुम्ही बसा."

"मी मगाशी जेवलो."

"बाबा, पहिली भाकर मी आता थापली," सुनीता म्हणाली.

बाळाराम नदीकडे बघत उभा राहिला. मग काठी घेऊन पाण्यात उतरला, ती बुडवली, बराच वेळ धरून ठेवली. "घोट्याला हाय," तो म्हणाला. "सुनीता, दोन पानं मांड."

समोरासमोर बसलो. पाणी गार होतं. सुनीताने तांदळाची भाकरी, बिरडं, भात असं भराभर वाढलं आणि तो उठायच्या आत पळाली. बाळारामने भाकरी मोडली, पण घास हातातच राहिला.

"बाई, तुमी त्या खडकावर बसायच्या," तो पलीकडे बोट दाखवून म्हणाला. "पाठ करून."

"नका हो आठवण काढू. काय ती छत्री."

"हिरा मला म्हनाली, त्या बाईला बाकीच्यांनी वालीत टाकलंय का वो? एकटीच जेवती बिचारी, कावल्याचं पान घेऊन बसल्यावानी."

मी करंगळी खाली घेतली. पन्नास वर्षांत ती सवय गेलेली नाही.

"म्हणून यायची ती?"

"मंग? आमच्याकडं अकरालाच जेवनं व्हायची. माज्यासंगं पोटभर जेवून यायची, आन परत तुमच्यासंगं अर्धी भाकर. मी म्हनायचो, अगं पोट दुखंल. ती म्हनायची, एकटं पान बरं दिसत नाय." त्याने घास बिरड्यात बुडवला. "खानावल काढली तवा हा नेम तिनंच घातला. माजं नुस्तं तोंड."

मी चार वर्षं वाटलेल्या लोणच्याच्या फोडी माझ्या डोळ्यांपुढून एकेक करून गेल्या. त्या तिने भरल्या पोटी खाल्ल्या होत्या.

"लोणचं तरी आवडायचं का तिला?" मी विचारलं.

"लई खारट असायचं म्हनं," बाळाराम म्हणाला आणि घास तोंडात घातला. मग दुसरा. सुनीता आतून भाकऱ्या मोजत असावी, कारण तिसरी संपताच चौथी न मागता आली.

आता दर बुधवारी माझी तिथे फेरी असते. लोणचं नेते, मीठ कमी घालून. बाळाराम मी दिसले की काठी बुडवतो आणि सुनीताला दोन पानं सांगतो. बाई एकट्या येतात, त्यांना उपाशी कसं पाठवायचं, असं तो गावात सांगतो म्हणे.

एक गोष्ट मात्र त्याला कळता कामा नये. माझ्या साखरेच्या गोळ्या वेळेवर लागतात, म्हणून डॉक्टरांनी अकराला जेवायची सक्ती केली आहे. बुधवारीही मी अकराला घरी जेवते, पोटभर. मग रिक्षा करते, नदीत पाय घालते आणि बाळारामसमोर अर्धी भाकरी खाते.